चार नंबरची बाटली

ज्ञानशिखर विद्यापीठातल्या बेचाळीस प्राध्यापकांनी मिळून दोनशे सतरा शोधनिबंध छापून आणले होते आणि त्यातला एकही कोणी वाचलेला नव्हता. हे कोणाला खुपत नव्हतं. निबंध लिहायचा, परदेशातल्या नियतकालिकात छापून आणायचा, पहिलं पान फ्रेम करून केबिनमध्ये खुर्चीच्या मागे टांगायचं आणि बढतीची वाट बघत बसायचं. पुढची पानं कोणी टांगत नसे, त्यामुळे ती असतात की नाही हे खात्रीनं सांगता येत नव्हतं.

२००९ सालच्या फेब्रुवारीत या सुखाला दृष्ट लागली. मे महिन्यात दिल्लीहून मूल्यांकन समिती येणार होती, आणि संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांच्या कानावर कोणीतरी घातलं की चांगली विद्यापीठं हल्ली आपल्या प्राध्यापकांचं संशोधन इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट वाचायला ठेवतात आणि समिती त्याचे गुण देते. दादासाहेबांचा मूळचा धंदा खडीचा. लवळ्याच्या बाजूचा अर्धा डोंगर फोडून झाल्यावर उरलेल्या अर्ध्यावर त्यांनी विद्यापीठ काढलं होतं. 'फुकट' हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरेना, पण 'गुण' उतरला. त्यांनी लगेच त्या योजनेचं 'ज्ञानकोठार' असं बारसं केलं, ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला लाल रिबीन बांधून ती कापली आणि शेजारी नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डात गेलं. तेव्हापासून त्या कीबोर्डावर एक अक्षर दाबलं की तीन उमटत.

मुख्य ग्रंथपालांनी आजवर कॉम्प्युटरला एकदाच हात लावला होता, तोही दसऱ्याला झेंडूचं फूल वाहताना. म्हणून कोठार भरायचं काम रेश्माकडे आलं. रेश्मा डोंगराच्या पायथ्याच्या उंबरवाडीची. वाडीतली ग्रंथालयशास्त्र शिकलेली पहिली मुलगी आणि बहुधा शेवटचीही, कारण शिकून काय झालं ते वाडीनं बघितलं होतं: रोज सकाळी डोंगर चढून जायचं आणि संध्याकाळी उतरून यायचं, जे शेळ्याही करतात.

ती पहिल्या आठवड्यात केबिन-केबिन फिरली. तिनं एक पानी पत्रक छापलं होतं, की तुमचा निबंध परदेशी कंपनीच्या कुलपात आहे, विद्यापीठालाच तो विकत घ्यायला परवडत नाही, आपल्या कोठारात ठेवलात तर कोणालाही वाचता येईल. या पत्रकात एक मोठी चूक होती आणि ती तिच्या उशिरा लक्षात आली. 'कोणालाही वाचता येईल' हे शेवटचं वाक्य ऐकलं की प्राध्यापकाचा चेहरा पडायचा.

व्यवस्थापनाचे एक सर म्हणाले, लोक माझं मॉडेल चोरतील. मॉडेल म्हणजे एक त्रिकोण होता आणि त्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन शब्द होते. एका बाईंनी सांगितलं की त्याचं पुस्तक होणार आहे. कधी, असं विचारल्यावर त्यांनी पंख्याकडे बघितलं. वाणिज्य शाखेतल्या एका सरांनी दार लावून खरं सांगून टाकलं. त्यांनी एकच निबंध तीन नावांनी तीन ठिकाणी छापला होता, आणि तीन गावांत तीन संसार थाटलेल्या माणसानं तिघींना एका मांडवात बोलावू नये एवढी अक्कल त्यांना होती. अर्थशास्त्राचे शरदचंद्र सर जन्मभर खुल्या बाजाराची बाजू मांडत आले होते, पण खुलेपणा आपल्या टेबलापर्यंत आलेला त्यांना आवडला नाही. त्यांनी फक्त विचारलं, दयानंदनं दिला का? त्याआधी पर्यावरणशास्त्राच्या दयानंद सरांनी विचारलं होतं, शरदचंद्रनं दिला का?

तीन आठवड्यांत ज्ञानकोठारात एकच दस्त जमा झाला. शारीरिक शिक्षण संचालकांचा 'सूर्यनमस्काराचे फायदे', दोन पानं, स्वहस्ताक्षरात.

रेश्माला हे सगळं एरवी गंमत म्हणून घरी सांगता आलं असतं. पण मार्चच्या पहिल्या सोमवारी ग्रामसेवक शेखर मोटरसायकलवरून वाडीत आला आणि त्यानं तालुक्याहून आलेलं पत्र मारुतीच्या देवळात वाचून दाखवलं. पत्रात लिहिलं होतं की डॉ. दयानंद खरवंडीकर यांच्या आंतरराष्ट्रीय संशोधनानुसार उंबरवाडी परिसरातील स्थळ क्रमांक चार येथील झऱ्याचे पाणी पिण्यास अयोग्य आढळले आहे. सबब सदर झरा सिमेंटने बंद करण्यात येईल. वाडीस आठवड्यातून दोनदा टँकर मिळेल. कोणाची हरकत असल्यास तीस एप्रिलपूर्वी, सदर संशोधनाचाच आधार घेऊन, लेखी कळवावे.

स्थळ क्रमांक चार म्हणजे उंबराचा झरा. वाडीची एकतीस घरं त्याच पाण्यावर होती. आजूबाजूच्या डोंगरात आणखी पाच झरे होते, पण ते लांब होते आणि एप्रिलनंतर त्यांच्यात फक्त खेकडे उरत. उंबराचा झरा मेमध्येही करंगळीएवढा का होईना वाहायचा. रेश्माची चुलती सारजाबाई रोज पहाटे तिथून दोन हंडे आणायची. साठ वर्षं तेच पाणी पिऊन ती अयोग्य झाली नव्हती.

"संशोधनाचा आधार घ्या म्हनतोय," वाडीतला गेणबा शेखरला म्हणाला, "तर ते संशोधन दाव की."

शेखरनं ते बघितलेलं नव्हतं. तालुक्याच्या साहेबांनीही नव्हतं. साहेबांनी सरांच्या केबिनमध्ये चहा पिताना भिंतीवरची फ्रेम वाचली होती.

गेणबा तीस वर्षं कोतवाल होता. दवंडी द्यायची, तलाठ्याचं दप्तर उचलायचं, असं सगळं करून तो निवृत्त झाला होता. रेश्मानं त्याला कोठाराची भानगड सांगितली, तेव्हा बेचाळीस पीएचड्यांना तीन आठवड्यांत न समजलेली गोष्ट त्याला तंबाखू मळता मळता समजली.

"म्हंजे सातबाऱ्यासारखं. दप्तर उघडं. कुनीबी जावं, नक्कल मागावी."

"व्हय, आबा."

"आन आपल्या पान्याचा सातबारा परदेशात."

"एकतीस डॉलरला."

गेणबानं तंबाखू तोंडात टाकली. मग तो म्हणाला की तलाठीबी खायाचा, पर नक्कल देत व्हता.

रेश्मा दुसऱ्या दिवशी दयानंद सरांच्या केबिनमध्ये गेली. सर पर्यावरणशास्त्राचे विभागप्रमुख होते. त्यांच्या मागे भिंतीवर ती फ्रेम होती, आणि तिच्यावर छोटा दिवा लावलेला होता, जसा देवघरात असतो. रेश्मानं झऱ्यांवरचा निबंध हवाय म्हणून सांगितलं. सरांनी मागे न बघता अंगठ्यानं फ्रेम दाखवली.

"हे पहिलं पान आहे, सर. पुढची चौदा हवी होती."

"पुढची कशाला? निष्कर्ष इथंच आहे."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं की हा निबंध असातसा नाही, एकतीस डॉलरचा आहे. तेवढे टाकल्याशिवाय जगात कोणालाही तो उघडत नाही. शरदचंद्रचा निबंध नऊ डॉलरला उघडतो. तो फुकट ठेवला तर त्याची किंमत काय राहिली? रेश्मानं विचारलं की त्या एकतीसपैकी तुम्हाला किती मिळतात. देवळातल्या मूर्तीला दक्षिणेतले किती मिळतात असं कोणी विचारावं, तसं सरांनी तिच्याकडे बघितलं.

"तुम्हाला तरी उघडतो का, सर?"

त्यांनी कधी उघडून बघितला नव्हता. आता त्यांनी बघितला. पडद्यावर चौकट आली आणि तिनं त्यांच्याकडेही एकतीस डॉलर मागितले. सरांचा ऊर भरून आला.

"बघितलंस? मलासुद्धा."

मग रेश्मानं झऱ्याचं सांगितलं. तीस तारीख सांगितली, एकतीस घरं सांगितली, चुलतीचं सांगितलं. सर म्हणाले की विज्ञान भावनेवर चालत नाही. आणि निबंध सगळ्यांसमोर ठेवायला त्यांची हरकत नव्हती, फक्त तो कोणी वाचता कामा नये. उद्या शरदचंद्र एखादा आकडा काढून चारचौघांत विचारेल. त्यापेक्षा कुलूप बरं.

रेश्मा डोंगर उतरताना विचार करत होती. ज्ञान, समाज, करदात्यांचे पैसे, हे सगळं तिनं बोलून बघितलं होतं आणि सगळं त्या केबिनच्या काचेवरून ओघळून गेलं होतं. पण सर शेवटी जे बोलले ते तिच्या डोक्यात राहिलं. या माणसाला फुकटाची भीती नव्हती, वाचकाची होती. आणि वाचकाचं खातं तर ग्रंथालयातच होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती देवघेवीचं रजिस्टर काखेत घेऊन पुन्हा वर गेली. सहा वर्षांत संशोधन नियतकालिकांचा एक अंक बाहेर गेला होता. तो वसतिगृहाच्या रेक्टरांनी नेला होता, टेबल टेनिसच्या टेबलाचा एक पाय आखूड होता म्हणून, आणि तो अजून तिथंच होता. इंटरनेटवरची नियतकालिकं चाळायला प्रत्येक प्राध्यापकाला पासवर्ड दिलेला होता. बेचाळीसपैकी एकेचाळीस पासवर्ड कधी वापरले गेले नव्हते. बेचाळिसावा शरदचंद्र सरांचा होता, आणि त्यावरून फक्त क्रिकेटचा स्कोर बघितला गेला होता.

दयानंद सरांनी चष्मा लावून पान न पान तपासलं. इतक्या बारकाईनं त्यांनी आयुष्यात दुसरं काही वाचलं नसावं.

"म्हणजे शरदचंद्र वाचणार नाही?"

"सर, त्यांनी स्वतःचासुद्धा वाचलेला नाही."

"आणि तुमच्या वाडीतले?"

"इंग्रजीत आहे, सर."

सरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणजे उघडं ठेवूनही झाकलेलंच राहील, असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. रेश्मानं परदेशी कंपनीचाच नियम त्यांना दाखवला, की त्यांनी छापलेली प्रत नाही, पण लेखकाकडचा शेवटचा कच्चा खर्डा कुठंही ठेवायला परवानगी आहे. खर्डा सरांकडे नव्हता. तो ज्या विद्यार्थिनीनं टाईप केला होता, आणि टाईप करता करता लिहिलाही होता, त्या मृण्मयीनं ईमेलनं पाठवला. फाईलचं नाव 'फायनल-फायनल-तीन' होतं. सरांनी संमतीपत्रावर सही केली आणि कोठारात आपला फोटो सूर्यनमस्कारवाल्यांच्या फोटोपेक्षा मोठा असावा अशी अट घातली. ती मान्य झाली.

त्या रात्री, म्हणजे जेवणं होईपर्यंत, रेश्मानं पंधरा पानं वाचली. त्या निबंधाची ती पहिली वाचक होती. मृण्मयीला धरलं तर दुसरी.

निबंध वाईट नव्हता, हेच वाईट होतं. सहा झरे, सहा नमुने, तीन कोष्टकं. स्थळ एकचं पाणी क्षारांच्या दृष्टीनं आदर्श. दोन आणि तीन उत्तम. पाच आणि सहा बरं. आणि चारमध्ये विष्ठेतले जंतू, मर्यादेच्या चाळीस पट. इतक्या जवळजवळच्या झऱ्यांत इतकी तफावत जगात प्रथमच आढळते, असं शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, आणि त्यामागची कारणं भूगर्भात शोधावी लागतील असंही. रेश्मानं तो दोनदा वाचला. हरकत घ्यायला बोट शिरेल एवढीही फट तिला दिसेना. निबंध मिळाला की सुटलो असं तिला वाटत होतं. आता निबंध होता आणि तो झऱ्याच्या विरोधात होता.

तिनं गेणबाला तसं सांगितलं. गेणबा म्हणाला, एकट्यानं वाचून कुनाला हरकत सापडत न्हाई.

"चावडीवाचन लाव. जमिनीच्या नोंदी चावडीवर कशाला वाचत्यात? तलाठी चांगला लिहितो म्हनून? ज्याची जमीन त्यानं ऐकावं आन उठून सांगावं, बाबा, हे खोटं हाय. आमच्या येळंला एका तलाठ्यानं जित्या मानसाची वारसनोंद केली व्हती. कागुद एकदम बरोबर. म्हातारा चावडीत बसून ऐकत व्हता, त्यो उठला तवा कळलं."

शेखर ग्रामसेवक लेखी हरकत घ्यायला यायला तयार झाला. दयानंद सरांना रेश्मानं रीतसर पत्र दिलं: आपल्या निबंधाचे उंबरवाडी येथे जाहीर वाचन आयोजित केले आहे, तरी उपस्थित राहावे. सरांनी पत्र हातात घेऊन विचारलं की शाल आहे का. रेश्मा गप्प राहिली. सरांना ते गुपित वाटलं आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

रविवारी दुपार कलल्यावर सर टाय लावून आले. एप्रिलचं ऊन, गाडी वाडीच्या बाहेर ठेवून चालत आलेले, त्यामुळे देवळाच्या ओट्यावर बसेपर्यंत त्यांचा टाय ओला झाला. पाहुणा आला म्हणून सारजाबाईनं गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. सरांनी तांब्या रिकामा केला, दुसरा मागितला, तोही केला, आणि गाडीतली बाटली आणवून तीही भरून घेतली. पुण्यात असलं पाणी मिळत नाही म्हणाले. सारजाबाईनं, आमचंच हाय, एवढंच सांगितलं.

वाचन सुरू झालं. रेश्मा एक परिच्छेद इंग्रजीत वाचायची, मग मराठीत सांगायची, आणि मग गेणबा जुन्या सवयीनं गळा ताणून विचारायचा, "कुनाची हरकत?" तीनदा विचारल्याशिवाय तो पुढं जाऊ देत नव्हता. सरांना ही पद्धत आवडली. त्यांच्या परिषदांत निबंध वाचला की लोक जेवायला पळतात.

पहिली हरकत दुसऱ्याच परिच्छेदाला आली. तिथं 'सदर डोंगराळ भूभाग निर्जन आहे' असं वाक्य होतं. रेश्मानं त्याचा अर्थ सांगितल्यावर एकतीस घरांनी एकमेकांकडे बघितलं. शेखरनं लिहून घेतलं: हरकत क्रमांक एक, आम्ही आहोत.

मग 'कार्यपद्धती' आली. नमुने संशोधकाने स्वतः सहाही झऱ्यांवर जाऊन, निर्जंतुक बाटल्यांत, समान अंतराने गोळा केले. रेश्मानं मराठीत सांगितलं. गेणबानं गळा ताणला. सारजाबाईनं हात वर केला. शाळेत कधी न गेल्यामुळे तिनं तो सरळ डोक्यावर, पाच बोटं पसरून, वर केला.

"ह्ये कुटं गेलं व्हतं?" ती रेश्माला म्हणाली. "ह्ये जीपमदी बसलं व्हतं. काचा लावून. मला म्हनले, मावशी, ह्या सा बाटल्या भरून आना, तासाभरात. आन कुटल्या कुटल्या झऱ्याची नावं सांगितली."

"मग?" शेखरनं पेन उचललं.

"मग काय. चैताचं ऊन. सा झरं फिरायचं म्हंजे सांज व्हती. घरात हंडा भरलेला व्हता उंबराचा. त्यातनं सा बाटल्या भरल्या, दिल्या."

देवळात कोणी हसलं नाही. गोष्ट इतकी साधी होती की त्यात हसण्यासारखं काही वाडीला दिसलं नाही. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं.

"काकी," रेश्मानं हळू विचारलं, "तुला वाटलं काय, ते काय तपासत्यात?"

"बाटल्या," सारजाबाई म्हणाली. "नंबर बाटल्यांवर व्हते. पान्यावर कुटं व्हते?"

सर आतापर्यंत हसऱ्या चेहऱ्यानं बसले होते, कारण शाल कधी येते इकडे त्यांचं लक्ष होतं. आता त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं की हे शक्य नाही. सहाही नमुन्यांत लक्षणीय तफावत आलेली आहे. सांख्यिकीच्या सगळ्या कसोट्या लावलेल्या आहेत. पाणी एकाच हंड्यातलं असतं तर कोष्टक क्रमांक दोन आलंच नसतं. ज्या अर्थी कोष्टक आहे त्या अर्थी मावशी सहा ठिकाणी गेल्या होत्या आणि आता विसरल्या आहेत. ते हे अगदी मायेनं सांगत होते.

"मग माझं पाय दुखाय पायजे व्हतं," सारजाबाई म्हणाली.

शेखरनं चार नंबरचं विचारलं. बाकीच्यात जंतू नाहीत आणि त्याच बाटलीत कसे? सारजाबाईनं जराही वेळ न घेता सांगितलं. भरून ओळीनं ओट्यावर ठेवल्या होत्या. शेळी आली, तिनं एक पाडली. टोपण निघालं, बाटली लेंड्यांत पडली. मग तिनं ती पदरानं पुसली आणि हंड्यातून पुन्हा भरली. "सायबाची वस्तू कमी भरायला नको म्हनून," असं ती म्हणाली. कोणती बाटली ते तिला वाचता येत नव्हतं, पण खुर्चीसारखं चिन्ह होतं. तिनं बोटानं हवेत काढून दाखवलं. इंग्रजी 4.

गेणबा उठला. त्यानं सरांकडे न बघता शेखरला सांगितलं की लिहून घे, एक नंबर, दोन नंबर, सगळं नंबर उंबराच्या झऱ्याचं हायेत. सरांच्याच कागदात ते आदर्श, उत्तम आन बरं हाय. घाण हाय ती शेळीची. आणि आज सर दोन तांबे प्यायले ते वाडीनं बघितलंय, तेही लिही.

तेव्हा सरांना ते दोन तांबे आठवले. त्यांनी मांडीवरच्या बाटलीकडे बघितलं. जगात त्या पाण्याबद्दल वाईट बोललेला एकच माणूस होता आणि ते पाणी त्याच्या पोटात होतं. ते उठले, चप्पल उलटी घातली, आणि गाडीपर्यंत जाईपर्यंत दोनदा पोटावर हात ठेवून थांबले. पुढे त्यांनी चिंचवडला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. काहीही निघालं नाही, आणि असं काही न निघणं त्यांच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

शेखरनं जबाब लिहिला, सारजाबाईनं अंगठा दिला, आणि निबंधाची प्रत जोडून सगळं तालुक्याला गेलं. प्रत जोडता आली, कारण ती आता कोणालाही काढता येत होती.

सोमवारी सकाळी सर ग्रंथालयात आले आणि निबंध आत्ताच्या आत्ता काढून टाक म्हणाले. रेश्मानं पडदा त्यांच्याकडे वळवला. निबंधाखाली वाचकांचा आकडा होता: तीनशे अठ्ठ्याऐंशी. हिंजवडीच्या कंपन्यांत गाडी चालवणारी, चहा देणारी आणि कॉम्प्युटरवर बसणारी वाडीची पोरं होती. त्यांनी तो रात्रीतून एकमेकांना पाठवला होता आणि मित्रांना 'शेळीवाला पेपर' म्हणून वाचायला लावला होता. दोन वाचक नॉर्वेतले होते. ते कसे आले हे शेवटपर्यंत कळलं नाही.

सरांनी चष्मा लावून तो आकडा वाचला.

"शरदचंद्रचे किती?"

"त्यांनी दिलेलाच नाही, सर."

सर खुर्चीवर बसले. त्यांनी विचारलं की हा आकडा आपोआप वाढतो का. वाढतो म्हटल्यावर, असू दे मग, म्हणाले. जाताना फोटो बदलून दुसरा लावायला दिला, कोटातला.

हा आकडा दुपारी दादासाहेबांपर्यंत पोहोचला. निबंधात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. ते खडीचे माणूस, ब्रास किती निघाली ते बघणारे. समितीची वाट न बघता त्याच आठवड्यात त्यांनी दयानंद सरांचा विद्यापीठातले सर्वाधिक वाचले गेलेले संशोधक म्हणून सत्कार केला. शाल मिळाली. भाषणात सर म्हणाले की ज्ञान हे समाजाच्या दारात गेलं पाहिजे, आणि आपण ते पाऊल सर्वप्रथम उचललं. रेश्मा मागच्या रांगेत फराळाची पाकिटं मोजत होती.

त्यानंतर कोठार भरायला रेश्माला कोणाकडे जावं लागलं नाही. त्रिकोणवाले आले. पुस्तकवाल्या बाई पंख्याकडे न बघता आल्या. तीन संसारवाले सर तिन्ही निबंध घेऊन आले आणि म्हणाले की तिघांचे वाचक वेगवेगळे मोजता येतील ना. सगळ्यात शेवटी शरदचंद्र सर आले. त्यांनी पेनड्राईव्ह टेबलावर ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं की तुमच्या वाडीत वाचन करून देता म्हणे.

निबंधाचं नाव होतं, 'उंबरवाडीतील दोनशे बारा कुटुंबांचे सखोल आर्थिक सर्वेक्षण'.

रेश्मानं ते नाव दोनदा वाचलं. मग तिनं डायरी उघडली आणि पुढच्या रविवारची तारीख दिली. सर खूश होऊन गेले.

अठ्ठावीस एप्रिलला तालुक्याचं पत्र आलं. माफी वगैरे नव्हती. 'नमुना-संकलक यांचे जबाबानुसार' आधीचा आदेश रद्द करण्यात येत आहे, एवढंच. झऱ्यापाशी आधीच आणून टाकलेली सिमेंटची दोन पोती तशीच राहिली आणि सारजाबाई हंडा टेकवायला ती वापरू लागली.

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी रेश्मानं कोठारात आणखी एक दस्त जमा केला. दीड पान, मराठीत, खाली अंगठा. फॉर्ममध्ये लेखकाच्या जागी तिनं सारजाबाईचं नाव घातलं. त्या कीबोर्डावर प्रत्येक अक्षर तीनदा उमटत होतं, म्हणून दोन-दोन खोडत बसली. पदवीची जागा मोकळी सोडली. उपकरणांच्या जागी लिहिलं: हंडा एक. ज्ञानकोठारातल्या दोनशे दस्तांत हा एकच असा होता ज्याच्या लेखकानं नमुना स्वतः गोळा केला होता.

मेच्या मध्यावर समिती येऊन, जेवून, गुण देऊन गेली. तोवर सारजाबाईनं दयानंद सरांना मागे टाकलं होतं. सर रेश्माकडे तक्रार घेऊन आले, पण शेळीबद्दल किंवा हंड्याबद्दल नव्हे. मराठी आणि इंग्रजीचे आकडे एकाच यादीत नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

रेश्मा पहाटे झऱ्यावर चुलतीला हे सांगत होती. सारजाबाई करंगळीएवढ्या धारेखाली हंडा धरून बसली होती. तिनं विचारलं, कितीजनांनी वाचलं?

"अकराशे, काकी."

सारजाबाईनं हंडा हलवून बघितला, अजून पाव रिकामा होता. तिनं तो परत धारेखाली धरला.

"मग त्यास्नी सांग," ती म्हणाली, "पुढच्या बारीला टोपनं घट बसनाऱ्या बाटल्या पाठवा म्हनावं."